ओळखल्याशिवाय उठायचं नाही

१२ डिसेंबर १९९३

पोचलो बाई एकदाच्या एडमंटनला! ही वही रोझॅनने बसस्टँडवर घेऊन दिली. म्हणाली, आजी, तुझं तोंड दिवसभर चालतं, आता जरा हात चालव. मी चौथीपर्यंत शिकले आणि मग मासे खारवायला बसले, तेव्हा अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण पहिल्या पानावर नाव कसं ठसठशीत घातलंय, आल्मा किपिंग! इतकं छान आलं की खाली आणखी एकदा घातलं.

न्यूफाउंडलंडचं आमचं बेट सोडून मी आजवर कुठे गेले नव्हते. सरकारने कॉड माशांची मासेमारी बंद केली, मासळीच्या कारखान्याला कुलूप लागलं आणि आमच्या खाडीतली तरणी पोरं एकेक करून पश्चिमेला उडाली. रोझॅन माझी नात, लेकीची लेक, वीस वर्षांची. आई लवकर गेली, मीच वाढवली. एक दिवस म्हणाली, मी चालले. नोकरी? नाही. ओळखपाळख? नाही. मी म्हटलं, मग मी पण येते, तू काम शोध, मी चूल बघते. शेजारच्या सेलेस्टीनने कपाळाला हात लावला. म्हणे, अगं आल्मा, नवऱ्याच्या, एफ्रेमच्या बाजूला कबरीची जागा धरून ठेवलीयस, आता कुठे निघालीस? मी म्हटलं, ती जागा काही पळून जात नाही. सगळे हसले. सेलेस्टीन रडली. नंतर मी पण.

फेरीबोट, मग बस, मग बसच बस. पाय सुजून भाकऱ्या झाले. पण देश केवढा सपाट! कुणी लाटणं फिरवल्यासारखा.

खोली तळघरात आहे. वर घरमालकीणबाई राहतात, हावरिलुक नावाच्या, युक्रेनी, विधवा, माझ्याच वयाच्या. पोचल्या पोचल्या कोबीची पानं भरून आणून दिली. खिडकी जमिनीलगत, त्यामुळे रस्त्यावरच्यांचे नुसते पाय दिसतात. मला तर गंमतच वाटते. बूट बघून माणूस कसा असेल ते ठरवायचं.

१८ डिसेंबर

रोझॅन रोज सकाळी केस बांधून निघते आणि संध्याकाळी नाक लाल करून येते. हॉटेलं, दुकानं, धोबीखाने, सगळीकडे कागद देऊन झाले. सगळे म्हणतात, कळवू. रात्री जेवताना पोरगी चमचा फिरवत बसते, मग उठते, मग बसते. तिची तगमग मलाही लागलीय. मी दिवसभर ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. चहा करते आणि प्यायला विसरते.

काल म्हणाली, आजी, नाताळापर्यंत नाही मिळालं तर परत जाऊ या. मी म्हटलं, परत कुठे? कुलपाकडे बघत बसायला? तू इथे मूळ धरल्याशिवाय मी हलत नाही, बदकुले. हसली मग.

इथे कुणी कुणाकडे येत नाही, एवढंच खुपतं. आमच्याकडे दार वाजवायची पद्धतच नाही, माणूस सरळ आत येतो आणि किटली ठेवतो. दार वाजलं म्हणजे पाद्री, पोलीस नाहीतर सोंगं. हे मी हावरिलुकबाईंना सांगितलं तर त्यांनी सोंगं म्हणजे काय विचारलं. झालं, माझी गाडी सुटली! नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून सहा जानेवारीपर्यंत लोक सोंगं घेऊन हिंडतात. डोक्यावर उशीचा अभ्रा नाहीतर पडदा, बाप्ये परकरात, बायका रबरी बुटांत, पाठीला कुबड. आवाज ओळखू येऊ नये म्हणून श्वास आत ओढत बोलायचं. दारात विचारायचं, सोंग घेता का घरात? आत घ्यावंच लागतं. मग ओळखायचं. ओळखलं की तोंड उघडायचं, एक पेला घ्यायचा आणि जायचं. ओळखल्याशिवाय मात्र सोंग खुर्चीवरून उठत नाही. बाईंनी घास तोंडात तसाच धरून ऐकलं. म्हणाल्या, आमच्याकडेही नवीन वर्षाला बोकड होऊन नाचतात हो! मग दोघी म्हाताऱ्या स्वैपाकघरात नाचलो.

२७ डिसेंबर

आज काय झालं सांगू! दार वाजलं. रोझॅन बाहेर, मी कणीक मळत होते. दारामागून तो आवाज, श्वास आत ओढलेला: सोंग घेता का घरात? माझ्या हातातून कणीकच पडली. एडमंटनमध्ये आपलं माणूस! दार सताड उघडलं. उंच, अभ्रा घातलेला, हातात लोकरीचे मोजे, अंगावर मोठा ओव्हरकोट. खुर्चीत बसला. मी दोन्ही बाजूंनी फिरून बघितलं, कोपराने ढोसलं, चिडवलं की एवढा उंच म्हणजे शिडीच गिळलीस का? तो नुसता हुं हुं, आतल्या आत. इकडे आलेली खाडीतली पोरं मी एकेक आठवली. मग म्हटलं, सेलेस्टीनचा वॉल्टर! तूच!

अभ्रा वर केला. वॉल्टरच! गालांवर तेच ठिपके, पुढचा तोच तुटका दात. उत्तरेला तेलाच्या खाणीवर असतो, सुट्टी घेऊन आला असेल. रमचा पेला दिला, केक दिला. काही न खाता, न बोलता गेला. लाजला असेल. बुटाला बर्फ मात्र जराही नव्हता, माझी फरशी स्वच्छच राहिली, बरं झालं.

२९ डिसेंबर

रोझॅनशी बोलताना वॉल्टरच्या तुटक्या दाताचं निघालं तर म्हणाली, आजी, त्याचा दात तर कधीच बसवून घेतलाय, शाळेत असतानाच. मला तुटकाच आठवतो. म्हातारपण, दुसरं काय.

पण सेलेस्टीनचा फोन आला. वॉल्टर खाणीवर नाहीसा झालाय. सोमवारी जेवायला बसला होता, ताट अर्धं, काटा ताटात, कोट खुंटीला. इतक्या थंडीत कोटाशिवाय गेला कुठे? ती फोनवर हंबरडा फोडत होती. सोमवारीच तर माझ्याकडे —. तिला काय सांगणार, तुझा मुलगा इथे होता, बारा वर्षांच्या वयाचा दात घेऊन?

३१ डिसेंबर

आज ओळी वाकड्या जातायत.

दुपारी पुन्हा सोंग. ठेंगणं, जाड, तोंडावर जाळीचा पडदा. मी हसले, खरंच हसले, कारण मला वाटलं हावरिलुकबाई! मी सांगितलेलं ऐकून सोंग घेऊन आल्यात, बोकड न होता आमच्या पद्धतीने. खुर्चीत बसल्या. मी मुद्दाम खेळवत ठेवलं, पोस्टमन का, महापौर का. डोक्यावर वरच्या मजल्यावर पावलं वाजत होती, चूल ते टेबल, टेबल ते चूल. बाईंच्या सपाता अशाच फटफट वाजतात. हे मी ऐकत होते आणि तरी तोंडातून गेलं, ओळखलं, हावरिलुकबाई!

वरची पावलं थांबली. एक पाय टेकला, दुसरा टेकलाच नाही.

पडदा वर झाला. बाईच. पण त्या जायला वळल्या तेव्हा मी मागून बघितलं. बाई डोक्याला कायम रुमाल बांधतात, मान मी कधी पाहिली नव्हती. पडद्याखाली रुमाल नव्हता, आणि मानेच्या जागी काहीच नव्हतं. मला जेवढ्या ठाऊक तेवढ्याच बाई होत्या.

वर सूप उतू जाऊन करपल्याचा वास आला. मी गेले नाही. रोझॅन आल्यावर तिने गॅस बंद केला.

१ जानेवारी

पोलीस येऊन गेले. बाईंचा कोट आहे, चष्मा आहे, बाई नाहीत. मी म्हटलं, काल पाहिल्या. खोटं नाही.

रोझॅन रात्रभर रडली. म्हणे हे शहर माणसं गिळतं, आजी, उद्याच निघू. मी हो म्हणणार होते. देवाशप्पथ म्हणणार होते. तेवढ्यात सकाळी बेकरीवाल्यांचा फोन. सहा तारखेपासून ये, कायमचं काम! पोरीने मला उचलून गरकन फिरवलं. किती महिन्यांनी असं हसली. आता मी सोंगाचं सांगितलं तर ती थांबेल का? पहिल्या बसने घरी. आणि घरी काय आहे, कुलूप.

सहा तारखेपर्यंतच सोंगं हिंडतात. त्यापुढे नाही. तेवढं निभावलं की झालं. मी सांगत नाही. नाव घेतलं की ते माणूस असेल तिथून नाहीसं होतं. फक्त नाव घ्यायचं नाही. कुणाचंच.

३ जानेवारी

दार वाजलं. उघडलं नाही. पुन्हा वाजलं. मग आवाज थांबला आणि मी वळले तर खुर्चीत.

कडी लावलीच नव्हती. जन्मात कधी लावली नाही, सवयच नाही —

अभ्रा आहे. आत कुणी आहे की नाही कळत नाही. विचारतं, ओळखलंस? मी अ‍ॅप्रन तोंडात कोंबलं. माझ्या मनात नावं आपोआप येतात, एफ्रेम, सेलेस्टीन, आणि सगळ्यात वर माझ्या पोरीचं. ते तर जिभेच्या टोकाशी बसलंय. दिवसभर तेच नाव घेत आले ना मी वीस वर्षं.

खिडकीत तिचे बूट दिसले तसं ते उठून गेलं. ओळखलं नव्हतं तरी गेलं. म्हणजे परत येणार.

रोझॅन म्हणाली, आजी, मला हाक का मारत नाहीस? मी म्हटलं, घसा बसलाय, बदकुले.

५ जानेवारी

पुन्हा. आज कडी लावली होती. तरी —

घसा खरंच बसलाय. बोलायला गेलं की श्वास बाहेर जातच नाही, आत येतो. शब्दही आत. रोझॅनने कांद्याचा रस साखर घालून दिला. माझा आवाज ऐकून हसली. म्हणे, आजी, तू तर सोंगासारखी बोलतेस! मग म्हणाली, किती दिवसांत सोंग पाहिलं नाही गं, इथे कोण येणार.

मी तिचा हात घट्ट धरला. डोकं हलवलं, नाही नाही. तिला वाटलं, मला घराची आठवण येतेय. कपाळाचा मुका घेतला माझ्या.

उद्या शेवटचा दिवस. उद्या तिचं काम सुरू.

६ जानेवारी

सकाळी पांढरी टोपी घालून गेली. किती गोड दिसत होती.

ती गेली आणि ते आलं. आज अंगावर माझा झगा. माझं अ‍ॅप्रन. अभ्रा माझ्या उशीचा.

मी निजायच्या खोलीत पळाले, दार लावलं. त्याने खुर्ची बाहेरून दाराला टेकवली आणि बसलं. ऐकू येतं. श्वास आत, आत. आता विचारत नाही मला. मला कशाला विचारेल. तिला विचारणार. मलाच कळलं उशिरा —

दार हलत नाही. खिडकी गोठलीय.

काळोख पडतोय. बूट दिसले. तिचे बूट. धावत येतेय, पहिल्या दिवसाचं सांगायला.

ओरडतेय मी. सगळा आवाज आतच जातो. दारावर मुठी मारते, ते पाठ टेकवून बसलंय, आवाजच होत नाही. म्हणून लिहिते, हे पान फाडून दाराखालून सरकवते. रोझॅन, नाव घेऊ नकोस. खुर्चीत बसलंय ती मी नाही. मी आत आहे. नाव घेऊ —

आली. पाव आणलाय, वास येतोय. हसतेय. म्हणते, अगं बाई, माझ्यासाठी सोंग घेतलंस? ह्या वयात?

पान अडकलं. खुर्चीचा पाय —

म्हणते, थांब थांब, ओळखते. पोस्टमन? महापौर? हसतेय माझं लेकरू. म्हणते, झगा बदलायचास तरी गं, लगेच ओळखलं, तू तर आपली आल्मा कि