झाकणाची खोटी साक्ष

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा आता कसा आहे? डॉक्टरांनी जिने बंद केले आणि तू लिफ्टने जायला लागलीस, हे कळल्यावर मला मनापासून बरं वाटलं. ज्याने एकतीस वर्षं लिफ्टदुरुस्ती केली, त्याच्या सख्ख्या बहिणीने जिने चढावेत हे मला कधीच पटलेलं नव्हतं. इकडे सगळं क्षेम आहे. माझा रक्तदाब असायला हवा तिथेच असावा (मी मोजत नाही). पत्राला दीड महिना उशीर झाला, पण कारण वाचलंस तर रागावणार नाहीस. मी लिनक्सचा कर्नल दुरुस्त करत होतो.

हा लष्करातला कर्नल नव्हे. लॉपटॉपच्या पडद्यापासून पंख्यापर्यंत सगळ्यांना कामाला लावणारा जो मूळ प्रोग्राम असतो, त्याला कर्नल म्हणतात. तुझ्या भाचीने नोकरीसाठी परगावी जाताना हिच्या, म्हणजे तिच्या आईच्या, लॉपटॉपवर लिनक्स ही संगणकप्रणाली घालून दिली आणि आता कसली कटकट नाही, असं सांगून गेली. कटकट झाकणापासून सुरू झाली. झाकण लावलं की लॉपटॉपने झोपावं आणि उघडलं की उठावं, एवढीच आपली अपेक्षा. हा झोपायचा व्यवस्थित. उघडल्यावर मात्र जेमतेम डोळे किलकिले करून पुन्हा झोपायचा. दोन-तीनदा बटण दाबून उठवला की मग असा जागा राहायचा, की झाकण लावून पिशवीत कोंबला तरी आत याचा पंखा गरगरतोच आहे. हिला नगरपालिकेच्या बैठकांचं इतिवृत्त लिहावं लागतं, हे तुला माहीत आहेच. गेल्या महिन्यात पाणीपुरवठ्याच्या बैठकीत हिने पिशवीतून लॉपटॉप काढला तर तो इस्त्रीसारखा तापलेला आणि बॅटरी संपलेली. अडीच तास हाताने लिहावं लागलं. त्या घाईत नव्या जलवाहिनीला कडाडून विरोध करणारे सभासद कागदोपत्री तिचे कट्टर समर्थक झाले. ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी कार्यालयात येऊन जे बोलले, त्याचं इतिवृत्त कुणी ठेवलं नाही. साहेबांनी मात्र हिला बोलावून सांगितलं, पुन्हा असं झालं तर तळघरातल्या जुन्या फायलींकडे बदली. सतरा वर्षं बैठका सांभाळलेली बाई, ताई. घरी येऊन नुसत्या शेंगा सोलत बसली.

दुरुस्तीच्या दुकानातल्या माणसाने लॉपटॉप उलटासुलटा केला आणि झाकण लावूच नका, असा सल्ला दिला. (दार न लावता लिफ्ट चालवा असं मी कुणाला सांगितलं असतं, तर हे पत्र तुला तुरुंगातून आलं असतं.) ही मुकाट्याने आठवडाभर उघडा लॉपटॉप दोन्ही हातांवर ताटासारखा धरून रस्त्याने कार्यालयात गेली. सिग्नलपाशी एका सद्गृहस्थाने वाकून पडद्यावरची ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखवली, त्या दिवशी मी कामात लक्ष घालायचं ठरवलं.

लेकीला फोन केला. "बाबा, हात लावू नका," ती म्हणाली. मी हात आधीच लावलेला होता, हे कळल्यावर तिने निदान काय बघायचं ते तरी सांगितलं. एक ओळ टाइप केली की यंत्राला झाकणाबद्दल काय वाटतं ते पडद्यावर दिसतं. मी चष्मा लावून उघड्या लॉपटॉपसमोर बसलेलो, आणि हा माझ्या तोंडावर सांगतो: झाकण बंद. मला हसू आलं. लिफ्टचं दार उघडं असताना बंद आहे म्हणून साक्ष देणारी असली स्विचं मी शेकड्याने पकडली आहेत. पुढचं सोपं होतं. झाकण उघडल्याची खबर आत पोचतच नव्हती. झाकण बंद आहे असं वाटून हा पुन्हा झोपायचा; आणि बळेच जागा ठेवून नंतर खरोखर झाकण लावलं, तर जे आधीच बंद आहे ते बंद झाल्याची बातमी ती कसली? म्हणून पिशवीत जागा. कर्नलमध्ये अशा खोटारड्या मॉडेलांची चक्क यादी आहे. आपलं मॉडेल तेवढं त्यात नव्हतं. याचं ऐकू नका, सुरुवातीला झाकण उघडंच धरा, अशा अर्थाच्या आठ ओळी वरच्या नोंदींकडे बघून मी लिहिल्या. अशा ठिगळाला पॅच म्हणतात. मग शंभर वेळा झाकण लावलं, शंभर वेळा उघडलं, आणि लिफ्टच्या तपासणीला करायचो तसा तक्ता भरला. शंभरही वेळा बरोबर.

खरी परीक्षा पुढे होती. हा पॅच जगभरच्या कर्नलमध्ये जायचा तर तो भाग सांभाळणाऱ्या माणसाला ईमेलने पाठवावा लागतो. पहिल्यांदा मी जोडपत्र म्हणून पाठवला, ते चालत नाही. दुसऱ्यांदा ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेत टॅबऐवजी स्पेस पडल्या, तेही चालत नाही. तिसऱ्यांदा सगळं बिनचूक होतं; पण बदलाचं वर्णन लिहा म्हणाले म्हणून मी लिहिलं. सुरुवातीला त्यांची विचारपूस, मग माझा अनुभव, हिची सतरा वर्षांची नोकरी, जलवाहिनी, आणि शेवटी झाकण. दोन दिवसांनी उत्तर आलं: "बदल योग्य आहे. वर्णन चार ओळींत बसवा. माझी तब्येत उत्तम आहे." सज्जन माणूस. चार ओळी लिहायला मला पॅचपेक्षा जास्त वेळ लागला.

सोमवारी मोठी बैठक होती. हिने झाकण लावलं, पिशवीला हात लावून बघितला, तासाभराने पुन्हा लावून बघितला, आणि गेली. मी घरी तिसऱ्यांदा तेच वर्तमानपत्र वाचत होतो. साडेअकराला फोन आला. "उघडलं. चालू झालं. ठेवते." एवढंच. संध्याकाळी ती रिकामे हात हलवत रस्त्याने येताना मला खिडकीतून दिसली, पिशवी खांद्याला अडकवलेली. कितीतरी दिवसांनी ती अशी चालत होती. आता तळघराचं नाव कुणी काढत नाही.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : पॅच स्वीकारायला त्या सज्जनांची एकच अट उरली आहे. त्याच मॉडेलचा लॉपटॉप असलेल्या आणखी एका व्यक्तीने तो तपासायला हवा. तुझ्या भाचीने गेल्या दिवाळीत तुला याच मॉडेलचा लॉपटॉप लिनक्स घालून घेऊन दिला होता. पाकिटात पेनड्राइव्ह आहे, तक्ताही आखून दिला आहे. शंभर वेळा नको, पन्नास पुरे. तपासणारी म्हणून तुझं नाव कर्नलच्या इतिहासात कायमचं राहील. आपल्या घराण्यात हा मान आजवर कुणाला मिळालेला नाही.

ता. क. २ : तुझा लॉपटॉप उत्तम चालतो, असं तू मागे म्हणाली होतीस. तशी तुझी समजूत आहे.

ता. क. ३ (हे अक्षर माझं) : वन्सं, पत्र टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. पेनड्राइव्ह लावण्याआधी तुमचं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. पहिल्या खेपेला आमचा लॉपटॉप चार दिवस सुरूच होत नव्हता, शेवटी लेकीने फोनवरून मार्गी लावला. पण तपासून टाका. नाहीतर हे तिकडे स्वतः येतील, आणि तुमच्याकडे लिफ्टही आहे.