मोडलेल्या साकवाचं अंदाजपत्रक

मु. चिरेवाडी, जांबोटीच्या वर, कणकुंबीच्या अलीकडे
कार्तिक वद्य षष्ठी

राजमान्य राजेश्री जोतिबाराव व्याही, खडेबाजार, बेळगाव, यांस भावकू गावड्याचा दोन्ही हात जोडून रामराम. इकडे सगळे खुशाल आहेत, तिकडची खुशाली तुमच्या पुढच्या पत्रातून कळेलच. तुमचा गुडघा कसा आहे? मागे मुलगी बघायला आलात तेव्हा आमच्या चढावर तो दुखावला, तेव्हापासून इथं देवापुढं दिवा लावताना तुमच्या गुडघ्याचं नाव निघतं. विहीणबाईंचा खोकला उतरला असेल. चिरंजीव आण्णाप्पा हल्ली वखारीत स्वतः उभे राहून लाकूड पारखतात असं ऐकलं, फार बरं वाटलं. आमच्या मालूनं हे ऐकलं आणि त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं.

आता तुमच्या पत्राविषयी. तुम्ही विचारलंत की ओढ्यावर साकव आहे की नाही, ते एका शब्दात कळवा. असेल तर मार्गशीर्षात वऱ्हाड घेऊन येतो, नसेल तर मुलीला घेऊन तुम्हीच इकडे या, लग्न आमच्या दारात उरकू. व्याहीबुवा, एका शब्दात सांगण्यासारखं असतं तर मी कार्ड टाकलं असतं, पाकिटाचा खर्च केला नसता. शिवाय ‘उरकू’ हा तुमचा शब्द मला लागला. आमच्या घरातली एकही मुलगी मांडवाशिवाय उंबरा ओलांडून गेलेली नाही. मांडवाच्या मेढी अंगणात येऊन पडल्या आहेत, गावाला तोंडी आवतण गेलं आहे. अशात मी मुलगी घेऊन तुमच्या दारात येऊन उभा राहिलो तर या रानात मला तोंड दाखवायला झाडसुद्धा उरणार नाही. म्हणून सगळी हकीकत नीट सांगतो. ती समजायची तर आधी अंदाजपत्रक म्हणजे काय ते समजलं पाहिजे. (कंटाळू नका. मलाही पहिल्यांदा कंटाळाच आला होता.)

मी बोर्डाचा सभासद झालो हे तुम्हाला ठाऊक आहेच. सोयरिकीच्या बैठकीत मी ते तीन-चारदा सांगितलं होतं. (बोर्डाचं नाव इथं लिहीत नाही. लढाईमुळं पत्रं फोडून वाचतात म्हणे, उगाच वाचणाऱ्याला त्रास.) आपण प्रपंचात काय करतो? आधी भात घरात येतं, मग किती खायचं ते ठरवतो. सरकारचं उलटं आहे. सरकार आधी किती खायचं ते ठरवतं, ते छापतं, त्यावर भाषणं करतं, आणि मग भात कुठून आणायचं ते बघतं. हा मोठा खेळ दिल्लीला चालतो, तसाच थोडा लहान मुंबईला, आणि अगदी पोराटोरांचा आमच्या बोर्डात. पण आमच्या हेडक्लार्कांनी मला एक गोष्ट समजावली आणि ती मला मनापासून पटली. ते म्हणाले, सरकारनं खर्च केलेला रुपया वाया जात नाही, तो हिंडतो. समजा बोर्डानं आमचा साकव बांधला. गड्याला मजुरी मिळाली, त्यानं जांबोटीच्या बाजारात लुगडं घेतलं, लुगडंवाल्यानं घर शाकारायला तुमच्या वखारीतून वासे नेले, तुम्ही पट्टी भरलीत, की रुपया पुन्हा सरकारच्या दारात हजर. एवढ्या फिरण्यात चार चुली पेटल्या. देश असा चालतो, व्याहीबुवा. मी हे घरी सांगितलं तर आमची मंडळी म्हणाली, “हिंडू दे की. पन त्यो वडा कसा वलांडनार?” त्या वेळी मी हसलो होतो.

आमच्या साकवाची रीत तुम्हाला माहीत नसेल. पावसाळ्यात ओढा जुना साकव घेऊन जातो आणि दिवाळी झाली की गाव नवा घालतं. घरटी एक लाकूड, घरटी एक माणूस, वेली आणि काथ्या गावात गाठी बांधण्यात तरबेज असलेल्या मष्णूकडचा. पिढ्यान् पिढ्या हे असंच चाललं आहे, कुणाला कागद लागला नाही. मला वाटलं, आपण सभासद असताना गावानं हे किती दिवस करावं? बोर्डाकडून पक्का साकव घ्यावा. मी बोर्डात उभा राहून मागणी केली. हेडक्लार्क म्हणाले, लढाई चालू आहे, नव्या कामाचं सदर बंद, फक्त ‘दुरुस्ती’ या सदरात थोडे पैसे आहेत. मी म्हटलं, मग त्या सदरातले घ्या आणि नवा बांधा. त्यांनी असं पाहिलं की जणू मी देवळातला नारळ फोडून चटणी वाटायला सांगतो आहे. एका सदरातला पैसा दुसऱ्या सदराला लागत नाही. (हेही मी घरी सांगितलं. मंडळी म्हणाली, “मिठाचं पैसं संपलं तर डाळीच्या पैशातनं मीठ आनायचं न्हाय व्हय? अळणीच खायाचं?” बायकांना राज्यकारभार कळत नाही तो इथंच.) म्हणून मी अर्ज केला: चिरेवाडीचा साकव दुरुस्त करून मिळावा. पुढल्या सालचं अंदाजपत्रक याच दिवसांत बनतं, तेव्हा पाहणीला ओव्हरसियरसाहेब दिवाळीनंतर यायचे ठरले.

आता ऐका. यंदा मालूचं लग्न म्हणून गावानं साकव असा घातला की काय सांगू. जांभळीची लाकडं, दोन्ही बाजूंना कठडा, मष्णूनं तर प्रत्येक गाठीला तेल लावलं. तुमचा गुडघा मनात धरून चढण्याच्या जागी दगडाच्या पायऱ्याही केल्या. आणि त्याच साकवावरून ओव्हरसियरसाहेब बूट वाजवत अलीकडे आले. मधोमध थांबून त्यांनी दोनदा उडी मारून पाहिली. आमच्या ओसरीवर येऊन म्हणाले, “गावडे, काम उत्तम आहे. यात दुरुस्त काय करायचं?” मी म्हटलं, पावसात वाहून जाईल. ते म्हणाले, वाहून गेला तर दुरुस्ती करणार कशाची, ते मग नवं काम झालं, आणि ते सदर बंद आहे. मग आवाज उतरवून म्हणाले, दुरुस्तीला काहीतरी मोडकं लागतं. असं म्हणून ते जेवायला बसले. मंडळींनी कोंबडी केली होती. ते जेवले आणि घोंगड्यावर आडवे झाले.

त्यांच्या घोरण्यात मी विचार केला. आज मोडका साकव दिसला तर पुढल्या साली पक्का मिळेल आणि गावाचा हा दरवर्षीचा घाम कायमचा सुटेल. लग्नापर्यंत पुन्हा बांधून घेऊ, त्यात काय मोठंसं. मी मष्णूला म्हटलं, साकव थोडा मोड. मष्णूनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. म्हणाला, “अण्णा, काल तर बांधला की वो. तुमाला भूतबाधा न्हाय न्हवं?” मी त्याला देशाच्या हिताचं समजावलं, रुपया कसा हिंडतो तेही सांगितलं. मग त्यानं मान खाली घालून कुऱ्हाड घेतली. पण साकव मोडेना. आपल्याच माणसांनी मन लावून केलेलं काम मोडायला शत्रू लागतो, ते आपल्यानं होत नाही. शेवटी गावातले सगळे बाप्ये जमले, आणि थोडा मोडायचा तो सगळाच ओढ्यात गेला. जिवाला लागलं. पण मी सभासद, मला रडता येईना.

ओव्हरसियरसाहेब उठले, तोंड धुतलं, ओढ्यावर आले आणि फार आनंदले. “आता कसं, अत्यंत मोडकळीस,” असं म्हणत त्यांनी मापं घेतली, टिपून ठेवली, पेन्सिल खिशात घातली आणि पलीकडं जायला वळले. तेव्हा त्यांच्या आणि माझ्याही एकदमच ध्यानात आलं. त्यांचं तट्टू पलीकडं बांधलेलं, ते इकडं बघून खिंकाळत होतं. परतीच्या पावसानं ओढ्याला छातीभर पाणी, खाली गुळगुळीत दगड, आणि साहेबांना पोहता येत नाही. पाणी उतरेपर्यंत म्हणून ते आमच्याकडंच राहिले. पाण्याला उतरायची घाई नव्हती आणि साहेबांनाही पुढं पुढं नव्हती. मी लग्नाचं अंदाजपत्रक बोर्डासारखंच सदरं पाडून केलं होतं. त्यातलं ‘पाहुणचार’ हे सदर साहेबांनी एकट्यानं संपवलं. कोंबड्या गेल्या, घागरीतलं तूप गेलं, तुमच्यासाठी राखलेला मधही गेला. मी पुरवणी मागणी मांडली, ती मंडळींनी एका शब्दात फेटाळली. तो शब्द पत्रात लिहिण्यासारखा नाही. शेवटी मष्णूनं साहेबांना कणकुंबीच्या अंगानं रानातून फेर घालून पोचवलं. ती वाट इतकी वाईट आहे की साहेबांनी पोचल्यावर नवे बूट घेतले. तुमच्या गुडघ्याला ती मी सुचवणारही नाही.

जाताना साहेब एक सांगून गेले आणि तिथंच माझा घात झाला. अंदाजपत्रकात काम घातलं, पैसे नव्या सालात एप्रिलनंतर मिळतील. तोवर पौषात मोठे इंजिनियर पडताळणीला येणार. ते येईपर्यंत साकव मोडलेलाच राहिला पाहिजे. कुणी बांधला तर मंजुरी रद्द, आणि खोटी मागणी केली म्हणून सभासदाची चौकशी. म्हणजे लग्न मार्गशीर्षात, तपासणी पौषात, पैसा चैत्रात, आणि ओढा रोजचा. मी गावाला ताकीद दिली, जुन्या जागी कुणी काठीसुद्धा लावायची नाही. गाव माझ्याशी बोलत नाही. देवळाच्या पारावर गेलो की लोक एकदम उठून गुरं बघायला जातात. ओढ्यातून काढलेली लाकडं मी पुरावा म्हणून काठावर रचून ठेवली आहेत, तर त्यातलीही रोज एक-दोन नाहीशी होतात. सरपणाला नेत असावेत. मंडळींना विचारलं तर त्या म्हणतात, “मला काय ठावं? मी धुन्याला गेलते.” हल्ली धुण्यालाही फार वेळ लागतो, दुपार होते. घरात कुणाचंच माझ्याकडं लक्ष नाही.

तर व्याहीबुवा, साकव आहे का? कागदावर आहे, आणि पुढल्या साली असा होईल की तुमच्या नातवंडांची नातवंडं त्यावरून येतील. आज मात्र नाही. पण लग्न इथंच व्हावं ही माझी विनंती आहे. मालू माझी एकुलती एक आहे. ती मांडवातून निघताना सगळ्या गावानं तिच्या डोक्यावर अक्षता टाकाव्यात, एवढंच मनात धरून मी इतकी वर्षं या ओढ्याकाठी राहिलो. तुमचं मन मोठं आहे, गुडघा तेवढा सांभाळा.

तुमच्या पायाशी असलेला,
भावकू गावडे (बोर्ड सभासद)

ता. क. – तुमची वखार आहे म्हणून मी सोयरीक केली असं गावात काही लोक म्हणतात. ते खोटं आहे. तरी आता विषय निघालाच आहे तर, वऱ्हाडाच्या गाड्यांत लांब फळ्या टाकून आणाव्यात. ओढ्याशी आलात की त्या आडव्या टाकायच्या, वऱ्हाड उतरलं की उचलायच्या. रात्रभर जागून विचार केला, फळ्या वऱ्हाडाचं सामान ठरतात, साकव ठरत नाही. कोणत्याच सदरात बसत नाहीत. जाताना परत न्याव्यात, एकही आमच्याकडं राहू नये.

ता. क. २ – फळ्यांबरोबर थोडं तूप आणलंत तरी चालेल. ते मात्र परत न्यायला नको.

ता. क. ३ – पाकिटावर पत्ता मालू लिहील, तिचं अक्षर चांगलं. मष्णू हे पत्र घेऊन रानवाटेनं जांबोटीला जातो आहे.

*

मामंजींना शिरसाष्टांग नमस्कार. हे आई सांगते आहे, मी फक्त लिहिते. आई म्हणते:

“फळ्या आनू नका. वळणाच्या खाली, आमी बायका धुनं धुतो तितं साकव घातलाय. काठावरची लाकडं आमीच नेली, रोज धुन्याच्या गाठोड्यासंगं. मष्णूनं रातीची गाठी बांधून दिल्या. इंजिनेर येईल त्यो वरचा मोडका बघंल, खाली कोन बगतंय? ह्यास्नी सांगितलं न्हाय, सांगितलं तर पयलं बोर्डाला कळवतील. तुमी निवांत या. वाईच दगडाच्या पायऱ्या बी केल्यात, गुडघ्यासाठी. तूप तेवढं आना.”

बाबांना यातलं काही लिहू नये. तुम्ही ओढ्यापाशी याल तेव्हा त्यांना स्वतःच बघू दे.

साकव भक्कम आहे. मी काल त्यावरून पलीकडं जाऊन परत आले.
– मालू