ध्वनिचिकित्सा : भाग दुसरा

नवघर, भाईंदर (पूर्व)
मंगळवार

तीर्थरूप दादा यांच्या चरणी धाकट्या बहिणीचा, पुष्पलताचा, नमस्कार. (मायन्यात तुला 'आपण' म्हणायचे असते हे मला ठाऊक आहे. मनात म्हटले. पुढे 'तू'च लिहिणार, कारण 'आपण' म्हणत कुणाला चार गोष्टी सुनावता येत नाहीत.)

आम्ही इकडे सगळी ठीक आहोत. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीने भात सोडून भाकरी धरली का, की डॉक्टरांसमोर भाकरी आणि घरी भात असेच चालले आहे? तुझ्या मेहुण्यांची, म्हणजे शिवदासरावांची, तब्येत उत्तम. डावा कान मी बोलताना बंद असतो आणि खाली मासळीवालीची हाक आली की उघडतो. त्यावर औषध नाही.

आता तू विचारशील, फोन असताना पत्र कशाला? तर फोनवर हेमांगीचे नाव निघाले की तुझ्याकडची रेंज जाते. पेणला रेंज इतकी वाईट नाही, मी चौकशी केली आहे. पत्राला रेंज लागत नाही. शिवाय आलेले पत्र ओटीवर बसून मोठ्याने आणि शेवटपर्यंत वाचायचे ही तुझी सवय, त्यामुळे वहिनीच्याही कानावर जाईल. (वहिनी, भाकरीच.)

तर विषय असा. खारी गावाच्या पुढे, जिथे माझ्या सासऱ्यांची मिठागरे होती, तिथे आता एक विद्यापीठ उभे आहे. तुझी मुलगी हेमांगी तिथेच नोकरीला आहे आणि माझ्याकडे राहते, हे तुला आठवत असेल. मुलांचे दुःख ऐकून घेणे हे तिचे काम, समुपदेशक म्हणतात. या विद्यापीठात पुढच्या सोमवारपासून 'वेलनेस सप्ताह' आहे. वेलनेस म्हणजे काय ते मी तिथल्या प्रमुख डॉक्टर रसिकाबाईंना सरळ विचारले. त्या म्हणाल्या, "मॅम, बेसिकली मुलांना काहीच करायचं नाहीये, फक्त रिलॅक्स व्हायचंय." आपण बी. ए. केले तेव्हा काहीच न करणाऱ्या मुलांना नापास करत. आता त्यांना प्रमाणपत्र आहे.

मी महिला मंडळाची अध्यक्ष, म्हणून माझ्याकडे बाई आल्या. "आपल्याला ना थोडा कम्युनिटीचा फील आणायचाय." मी म्हटले, आणा, पण वेळेवर. तेवढ्यावर त्यांनी मला समितीत घेतले. कार्यक्रम असा : सोमवारी गवतावर अनवाणी चालणे, मंगळवारी 'झोप : एक कला' हे व्याख्यान, बुधवारी मौन भोजन, गुरुवारी कुत्र्यांना कुरवाळणे, शुक्रवारी सामूहिक हसणे आणि शनिवारी ध्वनिचिकित्सा. मी सुचवले की आधी रंगीत तालीम व्हावी. ती परवा रविवारी झाली. सहा दिवसांचा आराम एका दिवसात उरकायचा म्हटल्यावर लोकांची जी काय दमछाक झाली ती विचारू नकोस.

गवत आदल्या दिवशीच आणून अंथरले होते आणि त्याच्याबरोबर लाल मुंग्याही आल्या होत्या, त्यामुळे चालणे ठरले होते तिथे धावणे झाले. झोपेवरच्या व्याख्यानात अख्खे सभागृह झोपले. व्याख्याते हळवे झाले, म्हणाले, इतका प्रतिसाद आजवर कुठेही मिळाला नाही, आणि मग आवाज आणखी खाली आणून बोलू लागले. मौन भोजनाला मी ह्यांना मुद्दाम नेले होते. ते खाली मान घालून जेवले, एक अक्षर बोलले नाहीत, आणि जेवण झाल्यावर तसेच बसून राहिले. रसिकाबाई दुरून हात जोडून उभ्या! "सर किती वर्षांपासून साधना करताय?" असे त्यांनी ह्यांच्या डाव्या कानात विचारले, उत्तर आले नाही, आणि बाईंची खात्रीच पटली. आता सप्ताहातल्या बुधवारी ह्यांना मंचावर बसवणार आहेत. कुरवाळून घ्यायला शिकवलेली कुत्री येणार होती, ती वसईच्या पुलावर अडकली. म्हणून आवारातलीच धरून आणली. ती इतकी वर्षे कॅन्टीनच्या मागे मानाने राहिलेली. त्यांना हा लाड मुळीच आवडला नाही. रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक झाडावर चढले, ते सामूहिक हसण्याच्या वेळीसुद्धा वरच होते. खालची मंडळी मात्र त्यामुळेच मनापासून हसली.

हे हसणे वगैरे घ्यायला तिथे एक मनोरंजन अधिकारी आहे. नीरज त्याचे नाव. हाच तो रत्नागिरीकडचा मुलगा, ज्याला दिवाळीत तू 'लोकांना खेळवण्याचा पगार घेणारा जावई मला नको' असे म्हणून, कपात चहा अर्धा असतानाच उठवलेस. मी तेव्हा तुझ्याच बाजूची होते, आजही आहे. त्याचे नाव घेतले ते केवळ यासाठी की शिट्टी त्याच्या गळ्यात होती.

आता ध्वनिचिकित्सा. यात मंडळींनी डोळे मिटून पडायचे आणि कुणीतरी काशाची मोठी भांडी घुमवायची, त्या नादाने मनावरचा ताण उतरतो म्हणे. रसिकाबाईंनी भांडी ऑनलाइन मागवली होती. खोके उघडले तर स्टीलच्या आमटीच्या वाट्या निघाल्या, झाकणांसकट. बाई रडवेल्या झाल्या. "काहीतरी लोकल, ट्रॅडिशनल साऊंड मिळेल का?" असे त्यांनी समितीला विचारले. समितीत स्थानिक अशी मी एकटीच. मी एवढेच म्हटले की खारीला आमची चंपाआत्या असते आणि ती गाते. निव्वळ माहिती म्हणून. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे हा गुन्हा असेल तर तसे सांग.

आपली चंपाआत्या आता नव्वदीच्या घरात आहे. नजर अधू झाली, पण आवाज तुझ्या लग्नात होता तसाच. पंचक्रोशीत तिच्याशिवाय कुणाची हळद लागत नसे. धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाणारी धवलारीण म्हणून तिला लोक बैलगाडी पाठवून न्यायचे. या वेळी विद्यापीठाने बॅटरीवरची गाडी पाठवली. नवे लुगडे नेसून ती आली, मैदानाच्या मधोमध पाट मांडलेला, शेजारी हळदीची वाटी (तो 'त्वचेसाठी हळद-लेप' हा निराळा उपक्रम होता, मांडवाच्या दोऱ्या गुंतल्यामुळे दोन्ही मांडव एक झाले). रसिकाबाई म्हणाल्या, मधे दोन स्वयंसेवक बसू द्या. हळद पाहून बाकीचे पांढऱ्या सदऱ्यांचे प्राध्यापक मागे सरले. हेमांगी कर्मचारी म्हणून बसली. दुसरे कुणीच येईना म्हणून नीरज बसला. कुणीतरी दोघांच्या गालांना लेप लावला. चंपाआत्येने डोळ्यांवर हात धरून पाहिले : पाट आहे, हळद आहे, पोरगी आपल्या काशीनाथाची (म्हणजे तुझी) आहे, शेजारी पोरगा आहे. तिने जन्मभर अशा वेळी जे केले तेच केले. धवला सुरू केला.

पुढचे माझ्या हातात नव्हते, दादा. धवला ऐकू आला आणि नवघरच्या, खारीच्या बायका पदर खोचून फाटकातून आत आल्या. कुणी बोलावले, असे विचारायला गेलेल्या पहारेकऱ्याच्या गालाला हळद लागली. कुणाचा तरी भाचा बेंजोवाल्यांना घेऊन आला. विद्यार्थी नाचू लागले, ते झाडावरचे प्राध्यापक खाली उतरले. कुलगुरू पाहणीला आले होते. त्यांच्या गाडीत कुठल्यातरी सत्काराची शाल आणि नारळ कायम असतोच. एवढी गर्दी पाहून त्यांना वाटले आपण द्यायची आहे, आणि त्यांनी ती दोघांच्या अंगावर पांघरली. रसिकाबाई डोळे मिटून डोलत होत्या. "कसली व्हायब्रेशन्स आहेत!" एवढेच अधूनमधून ऐकू येई.

सहा वाजले. आवार बंद करायची वेळ झाली म्हणून पहारेकऱ्याने ध्वनिक्षेपकाची वायर काढली. धवला निम्मा राहिला. चंपाआत्या उभीच राहिली, "आर्ध्यावर सोरला त पोरीचा भला व्हनार न्हाय. कोन हाय रं तो? वायर लाव!" वायर लागली नाही. वरिष्ठांची लेखी परवानगी हवी होती.

तेव्हापासून चंपाआत्या माझ्या घरी झोपाळ्यावर बसून आहे. धवला पुरा झाल्याशिवाय खारीला परत जाणार नाही आणि अन्न गोड लागत नाही, असे तिचे म्हणणे. (अन्न गोड लागत नाही म्हणून सध्या फक्त कोलंबी आणि खाडीतली निवटी खाते.) मासळीवाली माझ्याकडून पैसे घेईना, म्हणते लग्नघर आहे. इथल्याच इंद्रलोक वसाहतीतल्या माझ्या गुजराती मैत्रिणीने मोहनथाळाचा डबा पाठवला. नीरजची आई पहिल्या गाडीने आली, माझ्या स्वयंपाकघरात शिरली आणि विचारू लागली की तुमच्यात नारळ कुठल्या बाजूने ठेवतात. मी त्या सगळ्यांना सांगते आहे की ही तालीम होती. कुणी ऐकत नाही. रसिकाबाई तर हा दोन भागांचा कार्यक्रम समजून बसल्या. पत्रिकेवर त्यांनी छापले : 'शनिवार, ध्वनिचिकित्सा, भाग दुसरा. सर्वांनी हळदीचे डाग चालतील असे कपडे घालून यावे.'

मी हेमांगीला त्या रात्री म्हटले, तोंड धू. तिने धुतले. निघाले नाही. आरशासमोर उभी राहून मला म्हणाली, "आत्या, बाबांना काय सांगशील?" मी म्हटले, जे घडले ते. ती म्हणाली, "तू सांग गं. ते आत्ता माझ्याशी बोलतात कुठे?" दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांचे ऐकते आणि स्वतःचे बोलायला तिला माझ्याखेरीज कुणी नाही, आणि मी काही ऐकून घेण्यात हुशार नाही. मी तिला चहा करून दिला.

नीरजविषयी माझे काही मत नाही. एक पाहिले, ते लिहिते. ज्या पाटावर तो बसला होता त्याच्याखालीच त्या लाल मुंग्या जमल्या होत्या. धवला चालू होता तोवर तो हलला नाही. हेमांगीच्या बाजूच्या मुंग्या मात्र एकेक उचलून आपल्या बाजूला ठेवत होता. मूर्खपणाच, मुंग्या झटकायच्या असतात. पण पाहिले ते पाहिले.

आणि आता तू म्हणशील, अर्धा धवला म्हणजे काही लग्न नव्हे, सोडून द्या. दादा, हे तू म्हणू नकोस. माझ्या हळदीला ह्यांच्याकडची मंडळी शेवटची एस.टी. गाठायची म्हणून चुळबुळत होती, सासरे घड्याळ दाखवत होते, आणि तू मांडवाच्या दारात आडवा उभा राहून म्हणालास, "आत्याचा धवला पुरा झाल्याशिवाय इथून कुणी हलायचं नाही. अर्ध्यावर सोडून पुष्पाचं वाकडं झालं तर भरून कोण देणार?" एस.टी. गेली. सगळे वऱ्हाड आपल्या खळ्यात भाताच्या पेंढ्यावर झोपले. सासऱ्यांनी ते मरेपर्यंत ऐकवले. पण माझे वाकडे काही झाले नाही, एक कान सोडला तर. नियम तुझा आहे. बहिणीला लागू आणि मुलीला नाही, असा काही पोटनियम असेल तर उलट टपाली कळव.

बाकी सर्व क्षेम. वहिनीला नमस्कार, गुडघ्याला तीळतेल. शिवदासराव नमस्कार सांगत आहेत (असे मी धरून चालले आहे, बुधवारची तयारी म्हणून ते सध्या बोलत नाहीत).

तुझी धाकटी बहीण,
पुष्पलता

ता. क. : सप्ताहातल्या शनिवारी तुम्ही दोघांनी यायचे आहे. चंपाआत्येची रीत तुला ठाऊक आहे : शेवटच्या धवल्यात ती मुलीच्या बापाचे नाव घेते आणि बापाने 'हो' म्हटल्याशिवाय पुढची ओळ उचलत नाही. तू आला नाहीस तर ती माझ्या झोपाळ्यावर पावसाळा काढेल. तुला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून सोय केली आहे. भाग दुसरा सुरू होण्याआधी तुझे व्याख्यान ठेवले आहे. विषय, 'मुलांचे ऐकून घेताना'. नाव छापून झाले, काशीनाथ म्हणून ठळक अक्षरांत, आता बदलता येत नाही. फार तयारी करू नकोस. त्या विषयावर तुझ्याकडे सांगण्यासारखे थोडेच असणार.

आणखी एक : येतोस की नाही ते मला कळवू नकोस, तिला कळव. जेवताना मोबाइल ताटाशेजारी उलटा ठेवायचा असा माझा घरचा नियम आहे. दिवाळीपासून ती तो सुलटा ठेवते आणि मी न पाहिल्यासारखे करते. येताना वहिनीला सांगून चहाची चांगली पूड आण. त्या मुलाचा अर्धा कप तुझ्याकडे राहिला आहे.

शेवटचे : चंपाआत्या झोपाळ्यावरून सगळ्यांना सांगत सुटली आहे की पाट पुष्पाच्या घरचा होता, हळद शनिवारी रात्री पुष्पानेच कुटली, दोऱ्याही तिनेच गुंतवल्या, आणि वायर काढायला सांगणारी बाई आवाजावरून पुष्पाच वाटली. म्हातारी माणसे काहीही बोलतात, तू मनावर घेऊ नकोस. वायर निघाली नसती तर धवला एका बैठकीत पुरा झाला असता, तुझ्या जागी दुसऱ्याच कुणीतरी 'हो' म्हटले असते आणि तुला कुणी बोलावलेच नसते. हळद मात्र खरोखर चांगली कुटली होती. आज तिसरा दिवस, अजून निघालेली नाही.