कितवा महिना

३ ऑक्टोबर, गुरुवार

रिसेप्शनवर नवी मुलगी आली आहे. लिफ्ट येईना म्हणून मी तिच्या टेबलाशी उभी होते. तिने स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. "बसा ना मॅडम, अशा वेळी उभं नका राहू. कितवा?"

मी म्हणाले, "सातवा."

गेली सात वर्षं मी या लॅबमध्ये रबराचे पट्टे आणि दोर ताणून तोडते, आणि ते कितीला तुटले ते लिहिते. एकदाही आकडा बदललेला नाही. साहेबांनी डोळे वटारले तेव्हाही नाही. आणि आज एका अनोळखी मुलीला सरळ खोटा आकडा दिला. खरं उत्तर लांबलचक होतं. सोळा महिन्यांपूर्वी बाळंतपण झालं, दुसरं सिझेरियन, मुलगा होता, नऊ दिवस जगला, पोट मात्र होतं तिथेच आहे — हे लिफ्टसमोर कसं सांगायचं?

हे कारण खरं आहे, पण पूर्ण नाही. पूर्ण कारण उद्या लिहीन.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

मागच्या जिन्याने चढले. चार मजले. पूर्ण कारण आज नको.

७ ऑक्टोबर, सोमवार

शनिवारी लॅबचं जाडी मोजायचं व्हर्निअर घरी नेलं होतं. आज परत ठेवताना मिस्त्रीकाकांनी पकडलं. नमुने तेच कापून देतात, हत्यारांची किल्लीही त्यांच्याकडेच.

"घरी काय मोजलंत मॅडम?"

"कातडं."

"कसलं? बुटाचं?"

"नाही. एकतीस वर्षं जुनं आहे."

"मग द्या टाकून. एवढं जुनं कशाला जपायचं?"

तीन वेळा मोजलं, सरासरी काढली. पोटाच्या चिमटीतल्या घडीची जाडी एकतीस मिलिमीटर. टाक्याच्या खाली लोंबणारा भाग सहा सेंटिमीटर, उभं असताना. वाकलं की जास्त. पोटाच्या मधोमध दोन स्नायूंमध्ये साडेचार सेंटिमीटरची फट, हे सोनोग्राफीवाल्यांचं माप. घडीच्या आत घामाने पुरळ येतं. सकाळी पावडर लावते, दुपारपर्यंत तिचा चिखल होतो.

आमच्याकडे रबर फार ताणलं की सोडल्यावर पूर्ण मागे येत नाही. जेवढं वाढलेलं राहतं त्याचाही तक्त्यात रकाना असतो. आम्ही तो भरतो आणि पुढचा पट्टा लावतो.

१२ ऑक्टोबर, शनिवार

पूर्ण कारण. "सातवा" म्हणाले आणि चौथ्या मजल्यापर्यंत मला बरं वाटत होतं. लिफ्टमध्ये एकटीच होते. पोटाखाली हात धरला होता, तो दार उघडल्यावर काढला.

मला मूल हवं आहे. लिहून झालं.

तो गेला त्यानंतरच्या पंधरवड्यात बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "दीड वर्ष जाऊ द्या. मग हवं असेल तर बघू, नीट लक्ष ठेवून तिसरं सिझेरियन होऊ शकतं." नवरा शेजारच्या खुर्चीत होता. त्याने मान हलवली होती. ती कशाला हलवली हे मी विचारलं नाही. आम्ही गॅसबद्दल बोलतो, शाळेच्या बसबद्दल बोलतो, गळक्या नळाबद्दल तर फारच बोलतो. दीड वर्ष नोव्हेंबरच्या अखेरीस पूर्ण होतं.

आज सकाळी चहा घेताना त्याला सांगितलं — मी पोटाचं ऑपरेशन करून घ्यायचं म्हणते. सैल कातडी काढतात, स्नायू शिवतात. टमी टक.

ऑपरेशन मला हवं आहेच. पण ते मूल होऊन गेल्यावर करायचं असतं, हे मी वाचलं होतं. त्यानेही वाचावं आणि म्हणावं, "थांब, इतक्यात नको." एवढ्यासाठी आज सांगितलं.

तो कपाकडे बघत म्हणाला, "चल, कधी जायचं? मी सुट्टी टाकतो."

१६ ऑक्टोबर, बुधवार

सर्जनबाई साधारण माझ्याच वयाच्या. बोटं थंड. मला आरशासमोर उभं करून काळ्या पेनाने पोटावर रेघ काढली. "हे इथून इथपर्यंत जाईल. बेंबी नव्या जागी बसवू. टाका लांब असेल, या हाडापासून त्या हाडापर्यंत." मला त्यांचं बोलणं आवडलं. मोघम काही नव्हतं.

मग नवऱ्याला आत बोलावलं. म्हणाल्या, "एक महत्त्वाचं. पुढे मूल हवं असेल तर आत्ता करू नका. पोट पुन्हा ताणलं की केलेलं सगळं पाण्यात. कुटुंब पूर्ण झालंय ना?"

मी त्याच्याकडे बघितलं. माझं "अजून" ओठांवर आलं होतं.

तो म्हणाला, "झालंय." क्षणभरही थांबला नाही.

पेन बंद करत बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

तारीख १८ डिसेंबर.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

रेघ साबणाने जात नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

त्याने फोनवर सासूबाईंना सांगून टाकलं. त्यांनी फोन माझ्याकडे द्यायला लावला.

"अगं, पोट दिसतं म्हणून कोणी कापून घेतं का? माझं बघ, तीन पोरं झाली, साडीत सगळं झाकलं गेलं."

"मी साडी नेसत नाही, आई."

"तेच तर. आणि एक होऊ दे की अजून. मग काय कापायचं ते काप. त्याला मी सांगू का?"

हो म्हणायचं होतं. सांगा म्हणायचं होतं. सोळा महिने जे मी बोलू शकले नाही ते यांनी भाजी निवडता निवडता बोलून टाकलं. मी म्हणाले, "आमचं ठरलंय, आई." आवाज फार कोरडा आला. त्या म्हणाल्या, "बरं बाई. तुम्ही शिकलेली माणसं."

फोन ठेवल्यावर भिंगरी मांडीवर चढली. हे मुलीचं घरातलं नाव — पाच वर्षांची होईल, एका जागी ठरत नाही. तिने सगळं ऐकलं होतं.

"कापलेलं पोट घरी आणणार?"

"नाही. ते दवाखान्यातच राहतं."

"बाळ राहिलं तसं?"

"हो."

तिने थोडा विचार केला. "मग ते दोघं एकत्र राहतील," म्हणाली आणि खेळायला पळाली.

मी कपड्यांच्या घड्या करायला घेतल्या. एकाच टॉवेलची चार वेळा घडी केली.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

आज मागच्या जिन्याचं रंगकाम निघालं. समोरून जावं लागलं. रिसेप्शनवाली वाटच बघत होती. तिने कागदात गुंडाळलेले लोकरीचे मोजे दिले, स्वतः विणलेले. माझ्या अंगठ्याएवढे. "आठवा लागला ना मॅडम? मापाचा अंदाज नव्हता, म्हणून लहानच केले."

डिसेंबरात मी सुट्टीवर जाणार आणि जानेवारीत सपाट पोट घेऊन येणार. ही मुलगी विचारणार, मुलगा की मुलगी. हिशेब बरोबर जुळत होता.

तिला बाजूला, झेरॉक्सच्या खोलीत नेलं. "मी गरोदर नाही. तुला खोटं सांगितलं. मुलगा गेल्या वर्षी झाला होता, नऊ दिवस होता. पोट तेव्हापासून असंच आहे."

ती रडायलाच लागली. मीच कुलरमधून पाणी आणून दिलं. "मी काय मूर्ख आहे," म्हणत राहिली. मी म्हणाले, मूर्ख नाहीस, जे दिसलं तेच म्हणालीस.

मग नाक पुसत तिने विचारलं, "नाव काय ठेवलं होतं, मॅडम?"

हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. तोंडातून ते नाव किती दिवसांनी निघालं! आवाज माझाच आहे का, असं वाटलं.

मोजे परत देत होते, तिने घेतले नाहीत. लॅबच्या खणात आहेत, मिस्त्रीकाकांच्या मोजपट्ट्यांखाली.

४ नोव्हेंबर, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत सर्जनबाईंचा फोन आला. तपासण्या ठीक आहेत. "गर्भ राहू नये म्हणून काही गोळ्या चालू आहेत? त्या सहा आठवडे आधी बंद करा. रक्ताची गुठळी होण्याचा धोका नको." म्हणजे परवापासून.

गोळ्या चालू आहेत. रोज नाश्त्यानंतर एक. पाकीट संपत आलं की नवराच कोपऱ्यावरच्या दुकानातून आणतो, मला आठवणही करावी लागत नाही. शेवटचं पाकीट गेल्या शनिवारी आणलं.

मला यात वाट दिसते आहे. मूल हवं असं सांगायला मला जमत नाही. पण गोळ्या बंद होतायत एवढं सांगायला जमेल, ती डॉक्टरांची सूचना आहे. मग त्याला काहीतरी बोलावंच लागेल. ऑपरेशनला अजून सहा आठवडे आहेत. तारीख एका फोनने रद्द होते, मी फॉर्मवर वाचलं आहे.

वाक्य तयार केलं, दोनदा म्हणून बघितलं. "गोळ्या बंद करायच्या आहेत. तेव्हा आता आपल्याला काळजी घ्यावी लागेल, किंवा..." पुढचं त्याच्यासाठी मोकळं ठेवायचं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

भिंगरी बसमध्ये बसल्यावर बोलले. तो ओट्याशी कप पुसत होता. मी "किंवा" म्हणून थांबले.

तो म्हणाला, "काळजीची गरज नाही. मी माझं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलंय. गेल्या वर्षी, ऑगस्टमध्ये."

मी विचारलं, मग गोळ्या का आणत होतास.

"सांगायचं राहिलं. मग रोज आणखी अवघड होत गेलं." तोच कप पुसत होता. "तुला परत त्या टेबलावर बघायची माझ्यात ताकद नव्हती. तुलाही नकोच असणार, असं धरून चाललो."

त्याने कप फळीवर ठेवला. मग त्यानेच विचारलं, "तू काहीतरी म्हणत होतीस. किंवा काय?"

"काही नाही," मी म्हणाले.