साल्किनबाईंच्या मोटारीवर पडलेला धोंडा

अक-बुलाक, सरोवराचा दक्षिण काठ

आदरणीय तुर्दुमामात दाजी,

तुम्हांला आणि ताईला धाकट्या ओमुर्झाकचा वाकून सलाम. गुडघा कसा आहे? अस्वलाची चरबी चोळताय, की डॉक्टरच्या मलमावर भिस्त आहे? (चरबीच चोळा. मलमाला वास नाही, आणि ज्याला वास नाही त्याचा गुण काय येणार!) बालिक्चीला वारं सुटलं असेल, तेव्हा ताईला म्हणावं कान झाकत जा. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत, म्हणजे जिवंत आहोत.

आमच्याबद्दल तुमच्या कानांवर जे आलं असेल ते खोटं आहे. आमच्या अंगणात विमान पडलेलं नाही, अग्निबाणही नाही, आणि मी गुप्तपणे सोनं खणत नव्हतो. पडला तो एक धोंडा. मेंढीच्या डोक्याएवढा, काळा, ओबडधोबड. पण पडावा कधी आणि कशावर, याला काही धरबंध! आमच्या पोरीच्या, बेगिमायच्या, कानांत कर्णफुलं घालून सोयरीक पक्की करायला मुलाकडची मंडळी आली होती. मेंढा कापलेला, जेवणाचं दस्तरखान अंथरलेलं, कणकेचे बोरसोक तळून डोंगर रचलेला. मुलाची आई साल्किनबाई आपल्या नव्या पांढऱ्या मोटारीतून उतरल्या, डोक्यावरचा रुमाल-बिमाल सावरून उंबऱ्यापाशी आल्या, आणि मागे असा धडाका झाला की माझ्या कानिशायच्या हातातला, घोडीच्या आंबट दुधाचा, किमिझचा कटोरा मुल्लासाहेबांच्या मांडीवर गेला. बाहेर पाहतो तर मोटारीचं बॉनेट फाटलेलं, इंजिनातून वाफ निघतेय आणि आत हा पाहुणा निवांत बसलेला. (गावात आता सांगतात की तो लालभडक तापला होता. मी हात लावलाय, दाजी. उन्हात राहिलेल्या किटलीइतका कोमट होता, बस.)

आता शहाण्या माणसांनी काय केलं असतं? मोटार बाजूला घेतली असती, कर्णफुलं घातली असती, आणि जेवायला बसली असती. पण आमच्याकडे कासिमालि मास्तर आमंत्रित होते. तुम्हांला ठाऊकच आहेत, निवृत्त झाले तरी वर्ग सुटला नाही असा माणूस. ते बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाले, "ही उल्का आहे!" आणि तिथंच, भुकेल्या पाहुण्यांसमोर, विश्वाची उत्पत्ती सुरू केली.

"सुरुवातीला काहीच नव्हतं," मास्तर म्हणाले. "जागा नव्हती, काळ नव्हता."

"मास्तर, रस्सा निवतोय," कानिशाय म्हणाली.

"रस्साही नव्हता!" मास्तर कडाडले. "एका टिंबाएवढ्यात सगळं सामावलेलं होतं, आणि ते उसळलं!"

"आणि त्यातून निघालेला धोंडा नेमका माझ्याच गाडीवर?" साल्किनबाईंनी विचारलं. मला विचाराल तर त्या दिवसातला तेवढाच एक शास्त्रीय प्रश्न होता.

मग मुल्लासाहेब उठले. (पायजमा ओलाच.) ते म्हणाले की अल्लानं 'होवो' म्हटलं आणि झालं, यात टिंब कशाला घुसडता? इथवर ठीक होतं. पण माणसानं कुठं थांबावं हे कळायला हवं की नको? ते पुढं म्हणाले की आपले वाडवडील सांगत, असे दगड आभाळातून सैतानाला मारतात. झालं! सगळ्यांनी आधी मोटारीकडे पाहिलं, मग मोटारीतून नुकत्याच उतरलेल्या साल्किनबाईंकडे. मी पाहिलं नाही, दाजी, शपथेवर सांगतो. पण माझे डोळे माझं ऐकेनात.

साल्किनबाई एवढंच म्हणाल्या, "ज्या घरावर आभाळ धोंडे मारतं, तिथं मी सून शोधायला आले होते!" आणि कर्णफुलांची डबी पुन्हा पर्समध्ये घालून शेजाऱ्याच्या ट्रकमधून निघून गेल्या. मेंढा आम्हीच खाल्ला. बेगिमाय चुलीपाशी भांडी घासत बसली. पोरगी रडली असती तर बरं, असं मला झालं.

पुढचे दिवस काय सांगू! सगळा तालुका धोंडा पाहायला लोटला. जो तो कुंपण ओलांडून येई, चहा पिई आणि विश्व कसं झालं ते मला सांगून जाई. एका म्हातारीनं धोंडा चाटून पाहिला. म्हणाली, खारट नाही. जसा काही मी मीठ म्हणून विकायला काढला होता! मग राजधानीहून एक प्राध्यापिका आल्या. बाई भल्या, आणि आमच्या घरी बसून पोटभर जेवलेली ती पहिलीच शिकलेली व्यक्ती. त्यांनी करवतीनं धोंड्याची एक चकती कापून घेतली, म्हणाल्या, "आम्हांला एवढी पुरे." मग समजावलं, की सूर्य नुकता पेटला होता तेव्हा भोवतीच्या धुळीचे गोळे होत होत पृथ्वी, मंगळ, गुरू वगैरे झाले, आणि जे वापरायचं राहिलं ते असं अजून भटकतंय. म्हणजे घर बांधून झाल्यावर माझ्या अंगणात पडून राहिलेली सिमेंटची अर्धी गोणी, तीच गत! हा धोंडा आपल्या डोंगरांहूनही म्हातारा आहे म्हणे. एवढं वय झालं तरी दुसऱ्याच्या घरी केव्हा यावं ते कळत नाही.

ही बातमी वर्तमानपत्रात आली आणि साल्किनबाईंच्या सैतानाचा एकदम शुभशकुन झाला. बाई डबी घेऊन हजर. वर म्हणतात, "धोंडा आमच्या गाडीवर पडला, तेव्हा तो आमचा. लग्नात सुनेबरोबर पाठवा." मी रागानं लाल झालो. म्हटलं, लग्नच नको. तर बेगिमाय पुढं आली.

"आबा, मेदेरला मी हो म्हणून बसलेय," ती म्हणाली.

"केव्हा?"

"तो गाडी ओढून न्यायला आला होता तेव्हा."

मला आठवलं. साल्किनबाईंचा हा मुलगा एकटा आला होता, आईला न सांगता. एवढी माणसं आली, दाजी, कुणी धोंड्याचं वजन विचारलं, कुणी किंमत. पण आल्या आल्या "कुणाला लागलं तर नाही ना?" असं विचारणारा तेवढा एकच. बेगिमाय म्हणाली, "धोंड्यासाठी नाही, आबा. त्या प्रश्नासाठी." मी मेंढरांना पाणी दाखवायला निघून गेलो, आणि तिथं बराच वेळ नाक शिंकरत राहिलो.

कर्णफुलं घातली. लग्न पहिल्या बर्फाच्या आधी आहे. तुम्ही आणि ताई यायलाच हवं, वधूचे थोरले म्हणून वरच्या जागी बसायला हवं.

तुमचा,
ओमुर्झाक

ता.क. हे पत्र ताईला वाचून दाखवा, पण इथपर्यंतच.

ता.क. दुसरा. तुमच्या जुन्या रेल्वे डेपोमागं जळक्या कोळशाच्या काळ्या खंगरांचा ढीग आहे ना? त्यातले मेंढीच्या डोक्याएवढे, चांगले जड असे तीन निवडून पोत्यात घालून आणा. धोंडा मी साल्किनबाईंना कबूल केलाय. त्याआधी तो शाळेसाठी मास्तरांना कबूल केला होता. आणि तोंड बंद राहावं म्हणून मशिदीच्या अंगणासाठी मुल्लासाहेबांनाही. खोटं बोलणं मला मुळीच आवडत नाही, म्हणून कोणता कुणाला द्यायचा ते तुम्हीच ठरवा.

ता.क. तिसरा. तुम्ही विचाराल, खऱ्याचं काय? खरा कानिशायनं धुऊन कोबीच्या खारवणाच्या पिंपात वरून दाब म्हणून ठेवलाय. ती म्हणते, एवढं बेताचं वजन तिला जन्मात मिळालं नव्हतं, आणि विश्व पुन्हा उसळलं तरी ती तो काढू देणार नाही. परवा साल्किनबाई तोच कोबी तीनदा मागून घेऊन जेवल्या.