डाउनलोडमध्ये पडलेली तक्रार

प्रिय बारके,

तुझा जबडा तारांनी बांधलाय, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच तुला माझं बोलणं मध्येच तोडता येणार नाही. शेवटपर्यंत वाच. उद्या सकाळी पोलीसबाई तुझा जबाब घ्यायला येतील. तू जिन्यावरून पडलीस असंच सांगशील, या भरवशावर तुझा नवरा बाहेर बाकावर बसलाय. त्याच बाकावर त्याचं डोकं आपटावंसं वाटतं मला. काल कॉलर धरलीच होती. वॉर्डबॉय मध्ये पडला नसता तर आज मी कोठडीत असते.

तू नर्सच्या वहीत लिहिलंस ते आणि तुझ्या शेजारणीने सांगितलं ते जोडून मला सगळं कळलं. तो विजेचं बिल शोधत होता. लॅपटॉपवर डाउनलोडची यादी उघडली, तर सगळ्यात वर तुझी फाइल. त्या फाइलचं नाव घेऊन तो ओरडत होता आणि मध्ये मध्ये धपाधप आवाज येत होते. शेजारीण दार ठोकत राहिली. त्याने उघडलं तेव्हा फरशीवर तुझे दोन दात आणि कीबोर्डची बटणं एकत्र पडली होती. म्हणे जिन्यावरून पडताना लॅपटॉप तुझ्या हातात होता! निर्लज्ज मेला.

आता माझ्या नोकरीचं ऐक. तुला वाटतं, ताई संस्थेत कॉम्प्युटर दुरुस्त करते. मी तिथली वेबसाइट बनवते. मार खाणाऱ्या बाईने प्रश्नांची उत्तरं भरायची, त्यातून तक्रार-अर्ज तयार होतो, बटण दाबलं की फाइल तिच्याकडे उतरते. आमच्या सर्व्हरवर एक अक्षर राहत नाही. संस्थेच्या मॅडम म्हणत होत्या, एक प्रत ठेवू या. मी हट्टाला पेटले. एका बाईचा दीर कोयता घेऊन आमच्या ऑफिसात घुसला होता, तिचा अर्ज शोधायला त्याने कपाटं फोडली होती, शिपायाची तीन बोटं गेली. तेव्हाच ठरवलं, इथे चोरण्यासारखं काही ठेवायचंच नाही. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश, की फाइल उतरून पडते कुठे आणि तिथे आणखी कोणाचा हात पोचतो, हे मनातही आलं नाही. वर बायकांना चटकन सापडावी म्हणून तिला नाव दिलं ‘मारहाणीची तक्रार’.

नर्सच्या वहीत तू लिहिलंस, चूक माझीच, फाइल पुसायची राहिली. अगं, चोर सोडून संन्याशाला फाशी! तुझी फाइल आमच्याच वेबसाइटवरून उतरलेली, ते नाव मी ठेवलं होतं. तुझ्या तोंडावर बसलेल्या घावात माझा वाटा आहे आणि तो मला झोपू देत नाही. माफी मागायलाच बसले होते, पण मागायचं आहे ते वेगळंच. पोलीसबाईंनी आज त्या अर्जाची प्रत मागितली. लॅपटॉपचा चुरा झालाय, आमच्याकडे काहीच नाही. त्यात काय होतं हे आता तुला आणि त्याला, दोघांनाच माहीत आहे, आणि त्यातला एक जिन्याचं नाव सांगतोय. उद्या वही घे आणि सगळं पुन्हा लिही. दारात मी उभी आहे.

तुझीच, गुन्हेगार
ताई