खोटं हाव

बाबा,

आज मी तीन मुलींना खोटं शिकवलं. पुढच्या रविवारी त्यांचा पहिला ख्रिस्तप्रसाद आहे. तुम्ही चर्चचे मास्तर, तुमच्यामागं आपल्या खामगावच्या चर्चमधलं धर्मशिक्षण माझ्याच गळ्यात पडलं, म्हणून सतरंजीवर त्यांना ओळीनं उभं करून सराव घेत होते. चपला बाहेर, हात जोडलेले, मान वळवायची नाही, फादर "ख्रिस्ताचे शरीर" म्हणाले की "आमेन" म्हणायचं. त्यातली सगळ्यात बारकी म्हणाली, "अन् मनातून नाही वाटलं त?" मी तिच्याकडं न बघता म्हणाले, "तरी म्हणायचं." ती गुणी पोर लगेच आमेन म्हणाली.

तुम्ही असता तर मला तिथंच उठवलं असतं. सहा दिवस तुम्ही कापसाच्या जिनिंगमध्ये, आणि रविवारी सकाळी दारात आरसा घेऊन बसलेले. भुवयांतली, कानांतली रुई एकेक तंतू करून वेचताय. आई वैतागते, "देव का तुमचे कान पाहाले बसला हाय?" तुम्ही म्हणता, "तो नाही पाहात. मी पाहातो." मिस्सात, प्रसाद वाटताना, प्रत्येकाच्या हनुवटीखाली ताटली धरून तुम्ही उभे, कणही खाली पडू नये म्हणून. मी नऊ वर्षांची होते. पुढच्या मैत्रिणीला डोक्यावरच्या ओढणीतच शिंक आली आणि मला हसू फुटलं. हसतच आमेन म्हणाले, हसतच प्रसाद घेतला. तुम्ही ताटलीवरून नुसतं बघितलंत. बाहेर चपला शोधताना मात्र मला गाठलंत.

"आमेन म्हंजे काय?"

"हाव. हो म्हणनं."

"कोणाले?"

मी पायानं चप्पल ओढत राहिले.

"मंग काऊन हासत होती? मनात नसन त तोंड मिटून घेजो, पोरी. तशीच वापस येजो. त्याले राग नाही येत. पण खोटं हाव म्हणू नको."

पुढचे दोन रविवार मी रांगेत गेलेच नाही. जागेवर बसून राहिले. तुम्ही का म्हणून एकदाही विचारलं नाहीत. इतका मान मला त्यानंतर कुणी दिला नाही, बाबा.

आणि त्याच मी तुमच्याशी काय केलं? दवाखान्यातली ती दुपार. थोड्याच वेळापूर्वी तुम्ही माझ्याकडं पाणी मागितलं होतं, स्वच्छ शब्दांत. फादर आले, डबी उघडली, प्रसादाचा बारीक तुकडा समोर धरला. "ख्रिस्ताचे शरीर." तुम्ही त्यांच्याकडं बघितलंत, मग माझ्याकडं. बोलला नाहीत. ते पुन्हा म्हणाले. भोवती सगळी माणसं उभी होती, कॉन्व्हेंटच्या सिस्टर होत्या, आणि मला लाज वाटली. मी मोठ्यानं आमेन म्हणाले, अंगठ्यानं तुमचे ओठ उघडले, फादरांनी तुकडा आत ठेवला, मी चमच्यानं पाणी पाजलं. संध्याकाळच्या आत तुम्ही गेलात. नर्सनं तुमच्या नाकात कापूस घातला तेव्हा तो वेचून काढावा असं फार वाटलं.

लोक अजून म्हणतात, "मास्तरायले काय मरण आलं! तोंडात देव घेऊन गेले." मी हो म्हणते. आमेन तुमच्या तोंडून का निघालं नाही, तर घशाला कोरड होती, अशक्तपणा होता, असंही सांगते. अकरा वर्षं झाली. दर रविवारी रांगेत उभी राहते, माझी पाळी येते, मी आमेन म्हणते आणि आत काहीच हलत नाही. गुडघे टेकते, क्रूस करते, मागं कुणाचा मोबाइल वाजला तर तुमच्यासारखी वळून डोळे वटारते. रीत सगळी पाठ आहे. ज्याच्यासाठी ती होती तो कुठं गेला, कळत नाही. पूर्वी वाटायचं, परत येईल. आता तेही वाटत नाही. थकले मी, बाबा. जागेवर बसून राहायची सोय नाही, मास्तरची पोरगी रांगेत नाही म्हटल्यावर चर्चभर कुजबुज होईल.

उद्या त्या बारकीला बाजूला घेऊन तुमचं वाक्य सांगावं असं म्हणते. पण मला माहीत आहे, मी सांगणार नाही.

हा कागद प्रार्थनेच्या पुस्तकात घालून ठेवीन. एवढंच राहिलं, जे पापनिवेदनातही कधी तोंडातून निघालं नाही. त्या दुपारी तुमचे ओठ सैल नव्हते. मी अंगठा घातला तेव्हा तुम्ही दात आवळून धरले होते, आणि मी जोर लावला.